सरणाची बेगमी

ज्या लाकडावर मला जाळायचं, ते माझ्याआधीच आडवं झालं. वैशाखातल्या वावटळीत, भर दुपारी. मी चुलीपुढे कुळथाची पिठी ढवळत बसले होते. घरामागे कडकडाट झाला, पायाखालची जमीन हादरली आणि मांडणीवरची दोन भांडी खाली आली. मी लगेच उठले नाही. काय पडलं ते मला बसल्या जागी कळलं होतं. त्यात पिठी करपली असती तर वर उपाशी राहावं लागलं असतं. म्हणून ती आधी उतरवली आणि मग मागे गेले.

ऐन पडला होता. मुळांसकट, बांधाची निम्मी माती उचलून, खालच्या मळ्यात सगळ्या लांबीने झोपला होता. मी त्याच्या सालीवर हात ठेवला आणि म्हटलं, मेल्या, थोडा दम धरायचास.

मी सुंदराबाई. राजापूरहून एसटीने आत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला, आमची वाडी. वय विचारू नका, मलाही नेमकं ठाऊक नाही. तोंड फटकळ आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाडीतली पोरं माझ्या खळ्यातनं, म्हणजे अंगणातनं, जाताना चपला हातात घेतात.

आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी जमीन भाजतात. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडतात, त्यांना कवळ म्हणतात. दरसाल कवळ तोडून तोडून ऐनाची झाडं खुजी, गाठाळ होऊन जातात. माझ्या ऐनाला मात्र मी कुणाला कोयता लावू दिला नाही. त्यामुळे तो माडासारखा सरळ वर गेला. लोक विचारायचे, काकी, हे झाड ठेवलंय कशाला? मी सांगायची, माझ्या सरणाला. लोक हसायचे. मी हसत नसे.

आमच्या भागात माणूस गेलं की घरटी एक लाकूड येतं. कुणाला सांगावं लागत नाही. बातमी फिरली की प्रत्येक घरातनं एक जण खांद्यावर ओंडका टाकून मसणवटीकडे निघतो. भाऊबंदकी असली तरी आणतो, घरात चुलीला लाकूड नसलं तरी कुठनंतरी आणतो. आपलं माणूस सगळ्या वाडीच्या लाकडांवर जळतं, अशी रीत.

आमचे हे गेले तेव्हा एकही लाकूड आलं नाही.

त्या साली शिमग्यात पालखी आधी कुठल्या घरी न्यायची यावरून वाद झाला होता. ह्यांनी, म्हणजे काशीरामांनी, देवळात सगळ्यांसमोर वाडीच्या विरुद्ध तोंड उघडलं. वाडीने आमचं घर वाळीत टाकलं. पाणी बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. आणि श्रावणात, पावसाने झड धरलेली असताना, हे तापाने गेले. माझा भाऊ शेजारच्या गावातनं चार माणसं घेऊन आला. त्यांनी परसातला आंबा तोडला. ओला आंबा, वरून पाऊस. रॉकेल ओतलं, साखर टाकली, सायकलचे टायर टाकले. बायकांनी मसणात जायचं नसतं, म्हणून मी खळ्यात उभी होते. मला नुसता धूर दिसत होता. दुसऱ्या दिवशीही धूरच. भाऊ परत आला तो माझ्या तोंडाकडे बघेना. अग्नी दिला होता राकेशने. माझा मुलगा, तेव्हा चौथीत होता. त्याने तिथे काय बघितलं ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

पुढे ते वाळीत टाकणं मिटलं. कुणीतरी देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे परत माझ्याकडे ताक मागायला यायला लागले. झाल्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. मी फक्त बांधावरच्या ऐनाकडे बघून ठरवलं, माझ्या मरणाला ह्या वाडीची एक काटकी नको.

झाड पडल्याचं कळल्यावर पहिली आली ती चिमा. समोरच्या घरातली, माझ्याच वयाची. आली ती थेट खोडावर जाऊन बसली.

“काय गो सुंदरा, तुझं सरण तुझ्याआधी निघालं.”

“बरंच झालं. आत्ताच फोडून मांगरात भरते. पावसाळाभर आत राहिलं की कसं खडखडीत सुकेल.” मांगर म्हणजे माझी शेतावरची खोप. पेंढा आणि लाकूडफाटा त्यात असतो.

“पावसाची बेगमी लोक करतात. मिरची, सुकी मासळी, पापड. तू मरणाची करतेस.”

“तुला काय जातंय? तुझी लाकडं घरटी येतील. तुझं कुणाशी वाकडं नाय.”

चिमा खोडाची साल नखाने खरवडायला लागली. तिच्या घरातनंही तेव्हा लाकूड आलं नव्हतं. ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या ओटीवर बसून मशेरी लावत आलो, पण त्या वाटेला कधी गेलो नाही.

राकेशला फोन केला तर तो म्हणतो, “आई, सोड ना ते. तू मुंबईला ये. इथे विजेची भट्टी असते, बटण दाबलं की झालं.” मी फोन ठेवून दिला.

अजिंक्यला बोलावलं. गावात झाडं कापायचा कटर त्याच्याकडे आहे. त्याला सांगितलं, फांद्या वेगळ्या कर आणि खोडाचे पुरुषभर लांबीचे ओंडके पाड. त्याने फांद्या साफ केल्या आणि तो खोडाला हात घालणार, तेवढ्यात बांधावरून गुरुप्रसाद आणि त्याची बायको दीपाली येताना दिसली.

गुरुप्रसाद आता वाडीचा प्रमुख आहे. आमचं घर वाळीत टाकल्याचं ज्याने देवळात मोठ्याने सांगितलं, त्याचा हा मुलगा. बाप गेला, आता कारभार ह्याच्याकडे. पोरगा तसा वाईट नाही. दीपाली पऱ्यापलीकडच्या अंगणवाडीत शिकवते.

“काकी,” गुरुप्रसाद म्हणाला, “खोड कापू नका. साकवाला द्या.”

गेल्या पावसात पऱ्याला लोंढा आला आणि आमचा साकव, म्हणजे पऱ्यावरचा चालायचा पूल, घेऊन गेला. नवा सिमेंटचा होणार म्हणतात, मंजूर झालाय म्हणतात, कधी होणार ते कुणी म्हणत नाही. साकव नाही तर पावसात शाळा, एसटी, दवाखाना, सगळ्यासाठी वरच्या रस्त्याने डोंगराला वळसा घालायचा.

“खोड उभं चिरून दोन तुळया निघतील, पलीकडच्या काठाला टेकतील अशा,” तो म्हणाला. “उरलेल्याच्या फळ्या. ऐन पाण्यात लवकर कुजत नाय. एवढं लांब आणि सरळ झाड वाडीत दुसरं नाय काकी.”

“नाय ते तुमच्या कोयत्यांमुळे.”

“होय. ते खरं आहे.”

“आणि मला काय डहाळ्यांवर जाळणार? फांद्या भात शिजवायला ठीक आहेत. माणूस जाळायला खोड लागतं.”

तेव्हा दीपाली बोलली. मवाळपणे, माझ्या हाताला हात लावून. “असं काय बोलता काकी. तुमच्या वेळी वाडी लाकडं देईल की. सगळ्यांनाच देते.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती पोर लग्न होऊन मागाहून आलेली, तिला कुणी काही सांगितलेलं नसणार. पण माझं तोंड सुटलं ते सुटलं. “विचार तुझ्या नवऱ्याला, वाडीने काशीरामांना किती लाकडं दिली. विचार, त्याच्या बापाने कुठलं लाकूड आणलं.”

अजिंक्यने कटर खाली ठेवला. दीपालीने नवऱ्याकडे बघितलं. गुरुप्रसाद मान खाली घालून उभा होता.

“मी तेव्हा लहान होतो काकी.”

“माझा राकेशही लहानच होता.”

दोघं आल्या वाटेने परत गेली. अजिंक्य विचारायला लागला, कापू का? मी म्हटलं, आज नको, उद्या बघू. का म्हटलं ते माझं मलाच कळलं नाही. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं एकदा बाहेर पडलं होतं.

संध्याकाळी चिमा मला ओढूनच पऱ्यावर घेऊन गेली. वैशाखात पऱ्यात काय असतं? गोटे आणि डबक्यातलं पाणी. जुन्या साकवाचा एक खांब वाकडा होऊन उभा होता. आम्ही दोघी काठावर बसलो. पलीकडनं बाया डोक्यावर ओझी घेऊन, गोट्यांवरून पाय जपत येत होत्या. मी चिमाला सांगून टाकलं की माझं मन बदलायला आणलं असशील तर उठ. पलीकडे माझं काय आहे? ना शाळा, ना नोकरी. मसणवटीसुद्धा अलीकडेच आहे. साकव झाला काय, न झाला काय, मला त्याच्यावर पाऊल टाकायचं नाही.

“साकवाचं नाय बोलत मी,” चिमा म्हणाली. “गेल्या पावसात मला ताप चढला तेव्हा चौघांनी मला खुर्चीत बसवून वरच्या रस्त्याने नेलं. आठवतंय? तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या मी त्यांचे दंड बघत होते. माणूस जिवंत असला तरी केवढा जड असतो गो.”

“मग?”

“मग तू मांगरात ऐन रचून ठेवशील. तू मेलीस की तो ऐन मसणात नेणार कोण? राकेश मुंबईहून पोचेपर्यंत दिवस जायचा. लाकडं काय स्वतःच्या पायांनी चालत जाणार? आणि तुला कोण नेणार?”

मला तिचा असा राग आला की मी तिला तिथेच सोडून एकटी घरी आले. काट्यासारखा जिव्हारी रुतून बसला तिचा प्रश्न. खरं होतं ते. झाड राखायच्या नादात मी खांद्यांचा विचारच केला नव्हता. वाडीची काटकी नको म्हणत होते, पण तिरडी तर वाडीच्याच चौघांनी उचलायची होती. मला वाटत होतं माझ्याकडे सगळं आहे. माझ्याकडे नुसतं लाकूड होतं.

तरी एवढ्याने मी खोड देऊन टाकलं असतं असं समजू नका. चिमाचं बोलणं पटलं, पण पटल्याने आतली आग विझत नाही. मला काय हवंय ते शोधायला मला एक रात्र पुरली नाही, दोन दिवस लागले.

वैशाखात मुंबईचे सगळे चाकरमानी घरी आलेले असतात. साकवासाठी वाडीची बैठक गुरुप्रसादच्या खळ्यात बसली होती. त्या घराची पायरी मी काशीराम गेल्यापासून चढले नव्हते. मी आत जाऊन मधोमध उभी राहिले.

“खोड न्या,” मी म्हटलं. “पण फुकट नाय मिळणार.”

एक चाकरमानी, ओमकार, बेस्टमध्ये कंडक्टर आहे, तो लगेच म्हणाला, “काकी, आकडा सांगा. वर्गणी काढू.”

“तुझे पैसे तुझ्यापाशी ठेव. मला काशीरामांचं लाकूड हवं. त्यांना जे आलं नाय ते.”

पोरं एकमेकांकडे बघत होती, म्हातारे जमिनीकडे. गुरुप्रसाद उठला. तो हळू बोलणारा आहे, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “काकी, तेव्हा आमच्या घरातनं लाकूड गेलं नाय. बाबांचं चुकलं. ते गेल्यावर मी तोंड उघडलं नाय, ते माझं चुकलं. तुमच्या वेळी पहिलं लाकूड माझ्या खांद्यावर असेल.”

मग कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला, आमच्याही घरातनं गेलं नाय. मग दुसरा. मी त्यांना विचारलं नव्हतं. बायकांमधनं चिमाचा आवाज आला. “मामंजींनी दार लावून घेतलं होतं सुंदरा. मी खिडकीतनं तुझ्याकडे बघत होते. तू खळ्यात भिजत उभी होतीस.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी सांगत होतं की तू उभी होतीस ते आम्ही बघितलं होतं.

पुढचं काम वाडीने केलं. अजिंक्यने खोड मळ्यातच उभं चिरलं. आतनं ऐन काळपट तांबूस निघाला, कुठे कीड नाही. दोरखंड लावून सगळ्या पुरुषांनी तुळया पऱ्यावर ओढून नेल्या, उरलेला भाग टेम्पोने सॉ मिलला गेला आणि फळ्या होऊन परत आला. मी काठावर बसून प्रत्येकाला शिव्या घालत होते, कारण सांभाळून काम करतंय कोण? साकव झाल्यावर मला म्हणाले, काकी, पहिला पाय तुमचा. मी मध्यापर्यंत गेले, फळी दाबून बघितली आणि परत आले. पलीकडे मला काही काम नव्हतं. खोड गेलं तरी फांद्या मला मिळाल्या होत्या. त्या मी मांगरात रचल्या.

मग मे संपत आला आणि चाकरमानी मुंबईला निघाले. एका सकाळी मी खळं झाडत होते. ओमकार आला. पाठीला बॅग, आणि खांद्यावर किंजळीचा चांगला जाडजूड ओंडका. तो त्याने माझ्या खळ्यात उतरवला.

“काय रे हे?”

“लाकूड काकी. आमच्या घरचं. आज मी चाललो. तुमच्या वेळी रजा मिळेल न मिळेल, गाडी मिळेल न मिळेल. मागाहून बोल नको. म्हणून आत्ताच आणून ठेवलं.”

जित्या माणसाच्या दारात सरण टाकतं का कुणी? शत्रूसुद्धा असं करत नाही. हा मुंबईत बारा महिने राहिलेला पोरगा, त्याला रीत तेवढी ठाऊक, तिची वेळ ठाऊक नाही. मी केरसुणी उगारली. “मेल्या, मी अजून श्वास घेते. उचल ते.” तो पळाला, ओंडका तिथेच राहिला.

दुपारपर्यंत दुसरा आला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत निघणाऱ्या प्रत्येक घरचं लाकूड माझ्या खळ्यात येऊन पडलं होतं. ओमकारने जाऊन सगळ्यांना सांगितलं असणार. एक शहाणा तर सावरीचं लाकूड घेऊन आला. मी त्याला म्हटलं, सावरीवर मला जाळणार? ती कागदासारखी भुर्रकन जाते. दुसरं आण. आणि तो खरंच परत जाऊन आंब्याचं घेऊन आला. समोरच्या ओटीवर चिमा हसून हसून खोकत होती. मी तोंडाने शिव्या देत होते आणि एकेक ओंडका उचलून मांगरात नेत होते. रचताना प्रत्येकावर हात फिरवत होते, कुठलं कुणाच्या घरचं ते लक्षात ठेवत होते.

शेवटी गुरुप्रसाद आला. हात हलवत.

“तू नाय आणलंस?”

“नाय. मी कुठे चाललोय काकी? मी इथेच आहे. जित्या माणसाला लाकूड आणत नाय.”

“तुझ्या बापानेही आणलं नव्हतं,” मी म्हटलं. सवयीने गेलं तोंडातनं.

“म्हणून तर,” तो म्हणाला, आणि मांगराचं छप्पर एका बाजूने गळतं ते बघायला आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने ते शाकारून दिलं.

श्रावणात चिमा गेली. जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. पाऊस तसाच, झड धरून. बातमी फिरली आणि घराघरातनं माणसं खांद्यावर लाकडं घेऊन निघाली. मी खळ्यात उभी होते. एकेक जण माझ्यासमोरनं जात होता आणि प्रत्येकाच्या लाकडातनं पाणी ठिबकत होतं. महिनाभर ऊन नव्हतं, कुणाच्या घरात सुकं लाकूड असणार कुठनं? मला तो धूर आठवला. दुसऱ्या दिवशीचाही आठवला.

मी गुरुप्रसादला हाक मारली आणि मांगराचं दार उघडलं.

“ही ने.”

“काकी, ही तुमची आहेत.”

“ने म्हटलं ना.”

“किती नेऊ?”

“सगळी. ऐनसुद्धा.”

मग त्याने चौघांना बोलावलं आणि इरल्यांखाली झाकून एकेक ओंडका न्यायला सुरुवात केली. आता मसणवटीवर पत्रा घातलेला आहे, तेवढा आडोसा असतो. मी खळ्यातनं हलले नाही. थोडा वेळ धूर दिसला. मग माडांच्या मागे लालसर उजेड चढला आणि वाढत गेला. मी मोठ्याने म्हटलं, चिमा, बघ कसा पेटलाय. शेजारच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, बघोत.

अंधार पडायच्या सुमारास गुरुप्रसाद पऱ्यावर आंघोळ करून परतला. अंगावरचे कपडे ओले, म्हणून खळ्याच्या बाहेरच उभा राहिला.

“काकी, चांगली गेली. काही राहिलं नाय.” मग म्हणाला, “मांगर रिकामा झाला. तुमच्यासाठी काय आणून ठेवू?”

“काही नको,” मी म्हटलं. “तू आहेस ना इथे.”

तो मान हलवून घरी गेला. मी मांगरात जाऊन जमिनीवर पडलेल्या साली केरसुणीने गोळा केल्या, आणि त्यांवर रात्रीचा भात शिजवला.